मटण कमी, पालेभाजी जास्त : या चुका टाळा

"मटण बंद केलं आणि अंगातली ताकदच गेली." श्रावण संपला की हे वाक्य घेऊन माणसं माझ्यासमोर येऊन बसतात. मी कोल्हापुरात आहारसल्ल्याचं काम करते. बुधवारी आणि रविवारी घराघरातून रश्शाचा वास येतो अशाच गल्लीत वाढले, त्यामुळे मटण सोडा असं मी कुणालाही सरसकट सांगत नाही. कमी करा, एवढंच म्हणते. पण कमी करणारे बहुतेक जण एकाच ठिकाणी अडकतात. ताटातली मटणाची वाटी उचलतात आणि तिच्या जागी काय वाढायचं हे ठरवतच नाहीत. मग ती जागा भात, बटाटा, साबुदाणा आणि तेल मिळून भरून काढतात. तब्येत त्यानं बिघडते, आणि नाव मात्र भाजीचं खराब होतं.

मटणाच्या जागी साबुदाणा

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की हिच्याबद्दल सविस्तरच लिहायला हवं.

एक काका आले होते. पन्नाशी ओलांडलेली, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढलेली, युरिक ॲसिडही वाढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मटण कमी करा आणि भाज्या वाढवा. काकांनी पहिलं अर्धं ऐकलं, तेही जरा जास्तच. आषाढ संपला त्या दिवसापासून मटण, अंडी, मासे सगळं बंद. गणपती झाले, दसरा झाला, तरी नियम मोडला नाही. दिवाळीआधी रक्त तपासलं तर ट्रायग्लिसराइड आधीपेक्षा जास्त, साखरही वर सरकलेली आणि दुपारी चारनंतर उभं राहवत नाही अशी अवस्था. "शाकाहार मला मानवत नाही," असा निकाल त्यांनी स्वतःच देऊन टाकला होता.

मी त्यांच्या घरी गेले आणि काकींना म्हटलं, आठवडाभराचा बाजार दाखवा. सोमवार-शनिवारचा साबुदाणा, दोन किलो बटाटे, चहाबरोबरची खारी, हॉटेलातून आणलेल्या पनीर मसाल्याचा डबा. फ्रीजच्या तळाशी मेथीची एक पेंडी होती, पिशवीतच पिवळी पडलेली. काकी म्हणाल्या, "ताई, पालेभाजी म्हटलं की ह्ये ताटावरनं उठत्यात. मग बटाटाच करते की."

आता हिशेब बघा. 100 ग्रॅम कच्च्या मटणात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, 100 ग्रॅममध्ये एक ग्रॅमही प्रथिन नाही. बटाट्यात दोनेक ग्रॅम. काकांनी प्रथिनं काढून टाकली आणि तिथं पिष्ट, मैदा आणि तेल भरलं. ट्रायग्लिसराइड वाढायला हे अगदी पुरेसं आहे, त्याला मटणच लागतं असं नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या नव्या सूचना काढल्या. त्यातल्या 2000 कॅलरीच्या ताटात दिवसाला भाज्या 400 ग्रॅम, डाळी-कडधान्यं 85 ग्रॅम, दूध-दही 300 मिली आहे. ही 85 ग्रॅम डाळ कोरडी मोजायची, शिजल्यावर नाही. आपल्याकडच्या पातळ वरणाच्या वाटीत ती पावही उतरत नाही. म्हणून मी सांगते, मटण कमी करायच्या आधी डाळ घट्ट करा. मटकी, मूग, हुलगा, चवळी यांतलं एक कडधान्य रोज भिजत पडलंच पाहिजे. आणि पालेभाजी डाळ घालूनच करा : मूगडाळ घालून मेथी, तूरडाळ आणि दाणे घालून चाकवताचं गरगट, हरभराडाळ घालून अंबाडी, पीठ पेरून शेपू. आपल्या आज्यांनी पाला आणि डाळ एका भांड्यात घातली ती उगीच नाही. सोयाबीनच्या वड्याही चालतील, पण त्या गरम पाण्यातून घट्ट पिळून काढा, नाहीतर वास राहतो आणि पोरं दुसऱ्यांदा तोंड लावत नाहीत.

काकांना मी आधी त्यांचं रविवारचं मटण परत दिलं. बुधवार तेवढा मागून घेतला. साबुदाणा बंद, उपवासाला राजगिरा, दाणे, ताक आणि रताळं. युरिक ॲसिडच्या भीतीनं त्यांनी डाळी आणि पालकही सोडले होते, तेही सुरू करून दिले. प्युरिन म्हणजे ज्याचं शरीरात युरिक ॲसिड होतं ते द्रव्य. वनस्पतींतल्या प्युरिनमुळं गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडनं सांधे सुजण्याचा, धोका मांसातल्या प्युरिनसारखा वाढत नाही. धोका असतो तो मटण, त्याहून जास्त काळीज-गुर्दा, आणि सोबतच्या बिअरचा. पुढच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड खाली आले. त्यासाठी महिनोन्महिने काकींनी मेथी निवडली, हे मात्र त्या घरात कुणी बोलून दाखवत नाही.

एकदम सगळं बंद

सोमवारी ठरवलं आणि मंगळवारपासून पूर्ण शाकाहार, शिवाय तीन वाट्या कडधान्य. पोट फुगणारच. तंतुमय पदार्थांची सवय आतड्यांना हळूहळू लागते, आणि पाणी वाढवलं नाही तर उलट बद्धकोष्ठता होते. आधी आठवड्यातला एक वार कमी करा. तो अंगवळणी पडला की दुसरा. ज्यांना महिनाभरात फरक दिसायला हवा असतो, ते दुसऱ्या महिन्यात दुप्पट मटण खाताना दिसतात.

चवीपुरती भाजी

"आम्ही पालेभाजी खातो की." किती, असं विचारलं की कळतं : ताटाच्या कडेला दोन चमचे. मेथीची भरलेली पेंडी निवडून, चिरून कढईत टाकली की डोळ्यांदेखत बसते आणि वाटीभर उरते. ती वाटी चार माणसांत वाटली तर कुणाच्याच पोटात काही गेलं नाही. माझा साधा हिशेब असा : दोन माणसांना एक पेंडी. पराठ्यात मळलेली मूठभर मेथी किंवा वड्यांतली कोथिंबीर मी भाजी म्हणून धरत नाही.

आणि ती करायची पद्धत. आधी बारीक चिरतात आणि मग चाळणीत घालून नळाखाली धरतात. त्या पाण्यातून क जीवनसत्त्व आणि फोलेट वाहून जातं. पेंडी सोडा, आख्खी पानं मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवा, हातानं हलवा आणि पानं वर उचलून घ्या. पातेलं उपडं करून पाणी ओतू नका, तळाला बसलेली माती परत पानांवर येते. पावसाळ्यात हे तीन पाण्यांनी करा. पाणी निथळलं की मगच चिरा, तेही जाडसर.

हिरवा रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तो डबा भाजीच्या ओट्यावरून उचला. सोड्यानं रंग राहतो, पण क आणि ब-1 जीवनसत्त्वं नष्ट होतात. कुकरला चार शिट्ट्या देऊन पालकाचा लगदा करणंही थांबवा. मेथी, पोकळा, तांदळी, करडई यांना लसणाची फोडणी आणि मध्यम आच पुरते. झाकण ठेवायचंच असेल तर पाच-सात मिनिटं. पानं मऊ पडली, देठ दाताखाली जरा लागला की गॅस बंद.

कडू लागतं म्हणून मेथी पिळून तिचं पाणी फेकणाऱ्यांनी मेथी करूच नये, पोकळा करावा. चवीला नरम, निवडायला सोपा. पालेभाजी नावडणाऱ्या घरात मी सुरुवात नेहमी पोकळ्यानं किंवा चाकवतानं करते. शेपू सगळ्यांत शेवटी.

रश्शाचं काय?

मटणाचे तुकडे निम्मे केले म्हणून समाधान मानायचं आणि वाटी भरभरून तांबडा रस्सा, त्यावरचा कट आणि तीन भाकऱ्या ओढायच्या, ही आमच्या भागातली खास चूक. चरबी आणि तेल त्या कटातच आहे. रस्सा गार झाल्यावर वर आलेला थर चमच्यानं काढा आणि मग गरम करा. चव जात नाही, चव वाटणात असते.

मटण कमी करायची उत्तम रीत कोकणातल्या स्वयंपाकात आहे, आणि घाटावर आपण ती उचलायला हवी. तिथं लाल माठात मूठभर जवळा पडतो, वांग्यात सुकट, अळूत करंदी. भाजी भांडंभर आणि मासा चवीपुरता. फक्त सुकी मासळी खारट असते, तेव्हा ती धुऊन घ्या, भाजीत मीठ बेतानं घाला आणि रक्तदाब असेल तर रोज करू नका. तशीच मेथी घालून खिमा, किंवा हरभराडाळ घालून मटण. किलोच्या जागी अर्धा किलोत घर जेवतं आणि कुणी तक्रार करत नाही. मी सल्ला घ्यायला येणाऱ्यांना पहिल्या महिन्यात हेच करायला लावते. एकदम घासफूस वाढणाऱ्या घरातली माणसं बाहेर जाऊन खातात.

थोडक्यात काही

मटण सोडून नगेट्स, सॉसेज, सलामी आणणं हा उलटा प्रवास आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2015 मध्ये प्रक्रिया केलेल्या मांसाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. ताजं लाल मांस एक पायरी खाली, 'बहुधा घडवतं' अशा गटात आहे.

जेवणावर लगेच चहा घेऊ नका. भाजी-डाळीतलं लोह मुळात मांसातल्यापेक्षा कमी शोषलं जातं, चहा ते आणखी अडवतो. तासभर थांबा. भाजीवर लिंबू पिळा, त्यानं शोषण वाढतं.

पालकातलं कॅल्शियम बहुतेक ऑक्झलेट नावाच्या द्रव्यानं बांधलेलं असतं, त्यावर विसंबू नका. त्यासाठी शेवग्याचा पाला, नाचणी, दूध, तीळ.

सकाळी उठून दुधीचा रस पिणाऱ्यांनो, आधी दुधीचा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर रस करू नका, भाजीही करू नका. त्या कडूपणातलं द्रव्य विषारी असतं आणि त्यानं माणसं दगावली आहेत. एकूणच मिक्सरमधून पाला पिण्यापेक्षा चावून खा. घाईनं तब्येत करायची हौस असलेल्यांनाच हे रस आवडतात.

ब-12 विसरणं

ही दुसरी मोठी चूक, आणि ही उशिरा कळते. पालेभाजीत, डाळीत, फळांत ब-12 नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसात असतं. यकृतात साठा असतो आणि तो वर्षानुवर्षं पुरतो, त्यामुळे मटण सोडल्यावर पहिली दोन वर्षं काहीच जाणवत नाही. मग तळपायाला मुंग्या येतात, जीभ सोलल्यासारखी होते, चालताना तोल जातो, विसरायला होतं. घरचे म्हणतात, वय झालं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी लवकर येते. स्पिरुलिनाच्या गोळ्यांनी ती भरून निघत नाही, त्यातलं बरंचसं ब-12 शरीराला वापरता येत नाही. रोज वाटीभर दही आणि पेलाभर दूध घ्या, चालत असेल तर अंडं खा, आणि वर्षातून एकदा रक्त तपासा. कमी निघालं तर डॉक्टर देतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्या, तिथं घरगुती उपाय नको.

ज्यांनी आधी डॉक्टरांना विचारायचं

रक्त पातळ करणारी वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी अचानक वाढवू नका. हिरव्या पानांतल्या के जीवनसत्त्वानं गोळीचा परिणाम कमी होतो. भाजी बंदही करायची नाही, रोज साधारण तेवढीच ठेवायची आणि वाढवायची असेल तर डॉक्टरांना सांगून, तपासणी करत.

मुतखड्याची सवय असलेल्यांनी पालक, चाकवत, चुका, माठ, अळू बेतानं खावं. खायचंच असेल तर उकडून, वरचं पाणी काढून, दह्या-ताकाबरोबर. दूधदुभतं मात्र तोडू नका, जेवणातलं कॅल्शियम मुतखडा करणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच पकडून ठेवतं.

मूत्रपिंडाचा आजार असेल आणि पोटॅशियम कमी ठेवायला सांगितलं असेल, तर वर लिहिलेलं भाजी धुण्या-चिरण्याबद्दलचं तुम्हाला लागू नाही. तुम्ही भाजी चिरूनच भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी फेकून द्यायचं. डाळ किती आणि दूध किती, हे तुमचा रिपोर्ट बघूनच ठरतं, शेजारच्यांचं बघून नाही.