माथेरानला जाताय? पांढरे बूट घरी ठेवा

पहिल्यांदा गेले तेव्हा पांढरे बूट घालून गेले होते. तांबड्या मातीने ते कायमचे विटकरी झाले. तेव्हा जुन्या चपला घाला, कारण गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. पुढे पायी, घोड्यावर नाहीतर अमन लॉज स्टेशनहून शटल रेल्वेने.

वेळ असेल तर नेरळहूनच छोटी रेल्वेगाडी पकडा. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने हा दोन फूट रुंदीचा रेल्वेमार्ग टाकला, 1907 साली गाडी सुरू झाली. पावसाळ्यात मात्र नेरळची गाडी बंद असते, शटलवर भागवावं लागतं.

1850 मध्ये ठाण्याचा कलेक्टर मॅलेट पायथ्याच्या चौक गावाहून वन ट्री हिलच्या बाजूने वर चढला आणि साहेबांना हे ठिकाण सापडलं. (इथल्या ठाकर-कातकऱ्यांना ते हरवलेलं नव्हतंच!)

सगळे पॉइंट एका दिवसात उरकायला जाऊ नका. पहाटे पॅनोरमा, दुपारी शार्लट तलावाकाठच्या पिसारनाथाच्या देवळापाशी सावलीत टेकायचं, संध्याकाळी पॉर्क्युपाइनवर सूर्यास्त. चिक्की घ्यायचीच, पण पिशवी हातात लोंबकळत ठेवू नका. माझी अख्खी शेंगदाण्याची चिक्की एका माकडिणीने, पोटाशी पिल्लू असताना, कागद सोलून माझ्यासमोरच खाल्ली.