ऑफशोअर सर्व्हेयर होताना जमिनीवरच्या सवयींमुळे होणाऱ्या या चुका टाळा

लातूर, नांदेड किंवा परभणीकडच्या तंत्रनिकेतनातून स्थापत्य शाखेची पदविका घ्यायची, दोन-तीन वर्षे कालव्याच्या नाहीतर महामार्गाच्या कामावर टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारे उपकरण, चालवायचे आणि मग कुणा ओळखीच्याचा हात धरून ऑफशोअर सर्व्हेकडे, म्हणजे समुद्रातल्या मोजणीकडे, वळायचे, अशा वाटेने आलेली आपल्या भागातली मुले आता जहाजांवर बरीच भेटतात. मीही त्याच वाटेने आलो. या मुलांना मोजणी येत नाही असे मुळीच नाही. उलट पायऱ्या नीट पाळण्याची शिस्त त्यांच्या हातात असते. त्यांच्या चुका होतात त्या बहुतेक एकाच कारणाने होतात. जमिनीवर खुंटी ठोकली की ती तिथेच राहते आणि शंका आली तर संध्याकाळी पुन्हा उपकरण लावून पाहता येते. समुद्रावर मोजणाराच हलत असतो, तळ कुणालाही दिसत नाही, आणि पडद्यावरचा चुकीचा आकडा बरोबर आकड्याइतकाच नीटनेटका दिसतो.

डेटम आणि झोन न तपासता काम सुरू करणे

मराठवाड्यात काम केलेल्या माणसाला यूटीएम झोनचा, म्हणजे नकाशासाठी आखलेल्या सहा-सहा अंश रेखांशांच्या पट्ट्यांचा, विचार करण्याची वेळ सहसा येत नाही. नांदेड जिल्ह्याचा किनवटकडचा पूर्वेचा भाग सोडला, तर आपला सगळा प्रदेश ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशाच्या, म्हणजे झोन ४३ च्या पट्ट्यात बसतो. समुद्रात गेल्यावर ही सोय राहत नाही. मुंबई बंदर झोन ४३ मध्ये आहे, पण तिथून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला असलेले मुंबई हायचे तेलक्षेत्र झोन ४२ मध्ये येते, कारण ७२ अंशांची रेषा या दोहोंच्या मधूनच जाते. झोन ४२ चे निर्देशांक झोन ४३ समजून वाचले, तर ठिकाण सहा अंश पूर्वेला सरकते. मुंबई हायच्या बाबतीत ते जाऊन पडते थेट नांदेडच्या उत्तरेला, अर्धापूरकडच्या केळीच्या बागांत. ही चूक हास्यास्पद आहे, म्हणूनच निरुपद्रवीही आहे. ती पहिल्या मिनिटालाच कळते.

खरी भीती बाळगावी ती लहान चुकीची. भारतीय समुद्रातील जुन्या प्लॅटफॉर्मचे आणि पाइपलाइनचे निर्देशांक पुष्कळदा एव्हरेस्ट स्फेरॉइड या पृथ्वीच्या जुन्या गणिती आकारावरच्या भारतीय डेटममध्ये (डेटम म्हणजे निर्देशांक मोजण्याचा आधार) दिलेले असतात, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या जागतिक डेटममध्ये बोलतो. मुंबईच्या पश्चिमेला या दोहोंतला फरक शंभर मीटरच्या आसपास भरतो. शंभर मीटर सरकलेले जहाज नकाशावर अगदी योग्य जागी असल्यासारखे वाटते, आणि त्याच भरवशावर बार्जचा नांगर टाकला तर तो पाइपलाइनवर पडू शकतो. म्हणून जेटी सोडण्यापूर्वी क्लायंटच्या कागदपत्रांतला असा एखादा बिंदू निवडावा, ज्याचे अक्षांश-रेखांश आणि ईस्टिंग-नॉर्दिंग (नकाशाच्या जाळीवरची पूर्व-उत्तर अंतरे), दोन्ही डेटममध्ये, छापील स्वरूपात दिलेले आहेत. तो सॉफ्टवेअरमध्ये स्वतः घालून उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळते का ते पाहावे आणि त्याचा प्रिंट काढून फाइलला लावावा. मागच्या प्रकल्पाची सेटिंग फाइल उघडून तीच पुढे चालवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि या प्रकारच्या चुका सर्वांत जास्त तिथूनच येतात.

ऑफसेटचे चिन्ह उलटे घालणे

जीपीएसचा अँटेना ब्रिजच्या छतावर, ध्वनी सोडणारा आणि ऐकणारा ट्रान्सड्यूसर जहाजाच्या कडेला खांबावर आणि टोफिश, म्हणजे पाण्यातून ओढायचे सोनार, मागच्या ए-फ्रेम नावाच्या चौकटीवरून केबलने ओढलेला, अशी मांडणी असते. ही सगळी अंतरे, म्हणजेच ऑफसेट, एका संदर्भबिंदूपासून फितीने मोजून सॉफ्टवेअरमध्ये भरावी लागतात. बहुतेक ठिकाणी उजवी बाजू आणि पुढची दिशा धन धरतात. उभ्या अंतराच्या बाबतीत मात्र काही सॉफ्टवेअर वरची दिशा धन मानतात, तर काही खालची. एकाच कामावर दोन सॉफ्टवेअर असतील, तर दोघांची समजूत सारखी असेल असे धरून चालू नये.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी मी संदर्भबिंदूच्या डावीकडे ६ मीटरवर असलेला अँटेना उजवीकडे ६ मीटर म्हणून भरला. म्हणजे जहाज १२ मीटर बाजूला गेले. त्या रात्री आम्ही पाइपलाइनवरच्या सगळ्या लाइन, म्हणजे मोजणीच्या फेऱ्या, एकाच दिशेने चालवल्या, कारण प्रवाह त्या दिशेने सोयीचा होता, आणि पाइप प्रत्येक वेळी एकाच जागी दिसत राहिल्याने मी निश्चिंत होतो. पहाटे जहाज उलट दिशेने आले आणि पडद्यावर एका पाइपचे दोन पाइप झाले, मध्ये २४ मीटरचे अंतर. आमचे पार्टी चीफ, म्हणजे सर्व्हे पथकाचे प्रमुख, मालवणकडचे होते. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि एवढेच विचारले, "अरे, पाइप हलला की आपण?" बारा तासांचा डेटा नव्याने प्रोसेस करावा लागला, आणि अँटेनाचा फोटो काढून त्यावर दिशेचा बाण रंगवण्याची सवय मला त्या दिवशी लागली.

या प्रसंगातून दोष शोधण्याची एक खात्रीची रीत हाती येते. जागेतली चूक जहाज वळल्यावर स्वतःही वळत असेल, म्हणजे उत्तरेकडे जाताना पूर्वेला आणि दक्षिणेकडे जाताना पश्चिमेला दिसत असेल, तर ऑफसेट किंवा जायरो (जहाजाचे तोंड कोणत्या दिशेला आहे ते दाखवणारे होकायंत्र) तपासावा. चूक जहाजाच्या तोंडाची पर्वा न करता सतत एकाच दिशेला आणि एकाच मापाची राहत असेल, तर ऑफसेट उकरत बसू नये. दोष डेटममध्ये किंवा जीपीएसच्या दुरुस्त्यांमध्ये असतो.

जमिनीवरचे शिक्षण इथे मात्र खरोखर उपयोगी पडते. जेटीवर टोटल स्टेशन लावून अँटेनावर आणि जहाजाच्या मध्यरेषेवरच्या दोन बिंदूंवर प्रिझम धरले, तर जागा आणि जायरो दोन्हींची स्वतंत्र तपासणी एका सकाळीत होते. नंतर जहाज उलट तोंडाने लावून तेच पुन्हा करावे; मास्टर, म्हणजे कप्तान, कुरकुर करतो, तरी आग्रह सोडू नये. जायरो सुरू केल्यावर तो स्थिरावायला काही तास लागतात, हेही ध्यानात ठेवावे. जायरोतली एका अंशाची चूक अँटेनापासून ५० मीटर मागे असलेल्या ए-फ्रेमला जवळजवळ ९० सेंटिमीटर सरकवते. शिवाय जायरो खरी उत्तर दाखवतो आणि नकाशाच्या जाळीची उत्तर वेगळी असते. मुंबई हायला झोन ४२ मध्ये हा फरक सुमारे पाऊण अंशाचा आहे. जॅक-अप रिग (तळावर पाय टेकवून उभा राहणारा खोदकामाचा मंच) हलवताना टो मास्टर, म्हणजे रिग ओढून नेण्याच्या कामाचा प्रमुख, जेव्हा हेडिंग (तोंडाची दिशा) विचारतो, तेव्हा तो यांपैकी कोणते विचारतो आहे, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे.

ध्वनीचा वेग १५०० धरून चालणे

आमच्या गावी विहिरीची खोली परसांत, म्हणजे पुरुषभर उंचीच्या मापात, सांगतात. दोरीला दगड बांधून, परसापरसाला मारलेल्या गाठी मोजत वडील पाणी किती आहे ते पाहत, आणि नव्या नायलॉनच्या दोरीवर ते कधीच विश्वास ठेवत नसत, कारण ती ताणली जाते. इको साउंडर या ध्वनीने खोली मोजणाऱ्या यंत्राची गोष्ट वेगळी नाही; तिथे दोरीच्या जागी ध्वनी असतो आणि त्याचा वेग तापमान, क्षारता आणि खोलीनुसार बदलतो. जायकवाडीसारख्या गोड्या पाण्याच्या जलाशयात २५ अंश तापमानाला तो सेकंदाला १४९७ मीटरच्या जवळपास असतो, त्यामुळे यंत्रातला १५०० हा आकडा तिथे खपून जातो. अरबी समुद्राच्या कोमट, खाऱ्या पाण्यात मात्र तो १५४० पर्यंत जातो. ७५ मीटर खोलीवर १५०० तसाच ठेवला, तर खोली जवळजवळ दोन मीटर कमी दिसते. एस-४४ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या १ए श्रेणीत त्या खोलीला साधारण १.१ मीटर चुकीचीच सूट आहे.

त्यामुळे एसव्हीपी, म्हणजे खोलीनुसार ध्वनीवेग मोजणारे उपकरण, पाण्यात सोडण्याचा कंटाळा करू नये. कामाच्या सुरुवातीला, जागा बदलल्यावर, मोठा पाऊस झाल्यावर आणि नदीच्या मुखाजवळ तर वारंवार तो घ्यावा. काकीनाड्याकडच्या समुद्रात गोदावरीला पूर असताना गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगतो आणि सकाळची नोंद दुपारी निरुपयोगी होते. पैठण आणि नांदेडवरून गेलेलेच ते पाणी, पण तिथे ते आपली ओळख ठेवत नाही.

उथळ पाण्यात सिंगल बीमसाठी, म्हणजे एकाच किरणाच्या साउंडरसाठी, बार चेक करावा. लोखंडी पट्टी खुणा केलेल्या साखळीने ट्रान्सड्यूसरखाली २, ४, ६ मीटरवर सोडावी आणि यंत्र तेवढेच दाखवते का ते पाहावे. सगळ्या खोल्यांवर फरक सारखाच असेल, तर ड्राफ्ट, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडाले आहे ते माप, चुकलेला असतो. खोलीबरोबर फरक वाढत असेल, तर वेग चुकलेला असतो. इंधन आणि पाणी संपत जाते तसे जहाज वर उचलले जाते, म्हणून ड्राफ्टही रोज वाचावा.

उंचीच्या बाबतीत आणखी एक गफलत आपल्या मुलांकडून हमखास होते. जमिनीवरचा आरएल, म्हणजे बिंदूची उंची, सरासरी समुद्रसपाटीपासून असतो, तर चार्टवरची खोली चार्ट डेटमपासून, म्हणजे जवळपास सर्वांत खालच्या ओहोटीपासून मोजलेली असते. मुंबईला या दोहोंत सुमारे अडीच मीटरचे अंतर आहे.

मल्टिबीममधला दोष चुकीच्या जागी शोधणे

मल्टिबीम एका वेळी ध्वनीचे अनेक किरण पंख्यासारखे सोडून तळाचा रुंद पट्टा मोजतो. त्यातला सपाट तळ पडद्यावर वाकडा दिसू लागला की नवशिका सगळ्या सेटिंग एकदम बदलू लागतो, आणि मग कोणत्या बदलाने काय झाले ते कुणालाच सांगता येत नाही. आधी आकार पाहावा. दोन्ही कडा सारख्याच वर वळल्या किंवा सारख्याच खाली झुकल्या असतील, तर ध्वनीवेगाची नोंद जुनी झाली आहे. एक कड वर आणि दुसरी खाली असेल, आणि उलट दिशेच्या लाइनवर हा कल बाजू बदलत असेल, तर रोलचा, म्हणजे डाव्या-उजव्या झुकण्याच्या मापाचा, दोष आहे. ७५ मीटर खोलीवर ६० अंशांच्या बीमला रोलची एका अंशाची चूक सव्वादोन मीटरच्या घरात जाते. तळावरची एखादी खूण लाइनच्या दिशेने पुढेमागे सरकत असेल, तर पिच (पुढे-मागे झुकण्याचे माप) आणि लेटन्सी (जीपीएस आणि साउंडर यांच्या वेळांतला फरक) दोघांवरही संशय घ्यावा लागतो. उलट दिशेने पण त्याच वेगाने गेल्यास पिच उघडा पडतो. त्याच दिशेने पण वेगळ्या वेगाने गेल्यास लेटन्सी. खांब किंवा एमआरयू (जहाजाची हालचाल मोजणारे यंत्र) जागचा हलला, अगदी कुणाचा पाय लागून हलला, तरी पॅच टेस्ट, म्हणजे हे दोष मोजण्याची चाचणी, पुन्हा करावी लागते. हे सांगायला लाज वाटून कुणी गप्प बसले, तर पुढचे चार दिवस वाया जातात.

वेळेच्या नोंदीही एकाच घड्याळाने ठेवाव्यात. लॉगशीटवर भारतीय वेळ आणि डेटात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल, तर साडेपाच तासांच्या फरकात मध्यरात्रीनंतरच्या लाइनची तारीखच बदलते.

कामावर जाण्याआधीच्या चुका

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नये. जहाजावरील भरतीसाठी नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल परवाना लागतो, त्या परवानाधारकांची यादी पाहता येते, आणि परवानाधारकाला नाविकाकडून नोकरीचे शुल्क घेण्याची मुभा नाही. जलालेखनाचे शिक्षण घ्यायचे असल्यास गोव्यात नौदलाची राष्ट्रीय जलालेखन संस्था आहे. बोसिएटचे, म्हणजे समुद्रावर जाण्याआधीचे सुरक्षेचे, प्रशिक्षण केवळ प्रमाणपत्रासाठी उरकू नये. ज्याने आयुष्यात विहिरीखेरीज कुठे पोहून पाहिलेले नाही, त्याने पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याच्या सरावात दोन फेऱ्या जास्त मागून घ्याव्यात. मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला, तेव्हा माणसे लाइफ जॅकेटच्या आधारावर कित्येक तास खवळलेल्या पाण्यात होती. मळमळीची गोळी जहाज सुटण्याआधी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे, आणि ती जहाजावरच्या मेडिकला सांगून घ्यावी.

हिशेबाचेही पाहावे. फ्रीलान्स सर्व्हेयरला पैसे दिवसावर मिळतात आणि जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावरचे बरेचसे काम पावसाळ्यामुळे थांबते. घरी नेमके त्याच वेळी सोयाबीनचे बियाणे, खत आणि फवारणी यांचा खर्च उभा असतो, त्यामुळे ट्रॅक्टरचा हप्ता बारा महिन्यांच्या नव्हे, आठ महिन्यांच्या कमाईवर बेतावा.