मैत्रिणीच्या लग्नाला अमेरिकेला निघालात? अक्षता घरीच ठेवा

नेवार्क विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने विचारलं, खाण्यापिण्याचं काही आणलंय का? मी सवयीने ‘नाही’ म्हटलं. बॅग तपासणीच्या पट्ट्यावर ठेवताना मला पैठणीच्या घडीत आईने खोचलेली पुरचुंडी आठवली. कुंकू लावून देवापुढे ठेवलेले पाव किलो तांदूळ! “थांबा, तांदूळ आहेत,” असं मी घाईघाईने सांगितलं, म्हणून दंड टळला. अक्षता मात्र तिथल्या तिथे जप्त झाल्या. न सांगता सापडल्या असत्या, तर पहिल्या खेपेलाच ३०० डॉलरचा फटका बसू शकला असता.

नवरी कोल्हापूरची, नवरा आंध्रातल्या गुंटूरकडचा, तेलुगू, दोघंही न्यू जर्सीत नोकरीला. कॉलेजातले आम्ही पाच जण पुण्याहून गेलो आणि प्रत्येकाने आपापली एक चूक केली. नंतर हिशेब मांडला तेव्हा कळलं की सगळ्या चुकांचं मूळ एकच होतं. लग्न आपल्याकडचं म्हणून आम्ही सांगलीला निघाल्यासारखे निघालो होतो. मांडवातले विधी आपले असले, तरी विमानतळ, हॉल आणि घड्याळ तिथलं असतं.

आधी ते तांदळाचं प्रकरण पुरं करते, कारण मराठी पाहुणा बहुतेक इथेच अडकतो. धान्याच्या कोठारात खापरा भुंगेरा नावाची दोन-तीन मिलिमीटरची कीड होते. तिच्या अळ्या फटीत दडून, काही न खाता दीर्घकाळ तग धरतात, आणि एकदा शिरली की तिला हुसकावणं फार कठीण. ही कीड भारतात आहे. म्हणून भारतातून प्रवाशाने सोबत तांदूळ नेणं अमेरिकेत चालत नाही. पाव किलो असो की मूठभर, कुंकू लावलेले असोत की पॉलिश केलेले. ऑस्ट्रेलियानेही २०२० पासून याच किडीपायी प्रवाशांच्या सामानातल्या तांदळाला मनाई केली आहे. त्यामुळे सिडनीच्या लग्नालाही हेच लागू.

याच यादीत विड्याची पानं, आंब्याचे डहाळे, कढीपत्ता आणि ताजे गजरे धरा. तोरण कापडी न्या, मुंडावळ्या मोत्यांच्या न्या. होमासाठी गोवऱ्या नेण्याचा विचार कुणी करत असेल (आमच्यातल्या एकाच्या काकांनी खरंच सुचवलं होतं), तर २०२१ साली वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळावर भारतातून आलेल्या एका बॅगेत गोवऱ्या सापडल्या आणि त्या नष्ट कराव्या लागल्या. कारण जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग. पेढे-बर्फीचंही दुखणं तेच, दुधाचं. लंडनच्या लग्नाला जाणाऱ्यांनी तर पेढ्यांचा नादच सोडावा, कारण ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. लग्न दुबईत असेल तर खसखस चुकूनही नको. तिथे ती अमली पदार्थांत मोडते, आणि आपण रुखवतातल्या अनारशांवर ती सढळ हाताने लावतो!

कापूर हा ज्वालाग्राही पदार्थ आहे, तो विमानात ना हातातल्या सामानात चालतो, ना चेक-इनच्या. सुकं खोबरं आणि अख्खा नारळ यांवरूनही आपल्याच विमानतळावर अडवणूक होते. शबरीमलाच्या यात्रेकरूंना नारळ केबिनमध्ये नेता यावा म्हणून २०२४ मध्ये काही महिन्यांची खास सवलत द्यावी लागली होती, यावरून एरवीचा नियम काय ते समजा.

मग न्यायचं काय? काहीच नाही, हे माझं प्रामाणिक मत. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि इझलिनमधून जाणाऱ्या ओक ट्री रोडवर तांदूळ, सुपारी, हळकुंडं, नारळ, गजरे आणि साडीवरचा फॉलसुद्धा मिळतो. तरीही खाऊ न्यायचाच असेल तर कोरडा, बंद पाकिटातला न्या, आणि विचारल्यावर ‘आहे’ म्हणा. सांगितलेली वस्तू फार तर फेकली जाते. दंड बसतो तो लपवण्याचा.

आता व्हिसा. पत्रिका आली की आपण आधी तिकिटांचे भाव बघतो. ही चूक आमच्यातल्या एकाने केली. स्वस्तात मिळालं म्हणून परत न करता येणारं तिकीट काढलं, आणि मुलाखतीची तारीख मिळाली त्या विमानाच्या नंतरची. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसासाठी मुंबईत दोन खेपा होतात, एक बोटांचे ठसे आणि फोटोची, दुसरी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या (बीकेसी) वकिलातीत मुलाखतीची. तारखेसाठी कित्येक महिने थांबायची तयारी ठेवा. लग्न ठरल्याचं कानावर येताच अर्ज भरा, पत्रिका छापून यायची वाट बघू नका. पत्रिकेवर व्हिसा मिळत नाही. तुम्ही परत येणार का, एवढंच समोरच्याला जोखायचं असतं. “मैत्रिणीचं लग्न आहे, दहा दिवस जाणार, नोकरी इथे आहे,” इतकं सरळ उत्तर पुरतं. नवरीच्या पगाराच्या स्लिपा घेऊन गेलेले लोक मी रांगेत पाहिले आहेत. त्यांचा कुणी उपयोग केलेला दिसला नाही.

लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांनी पासपोर्टवर जे नाव आहे तेच अर्जात आणि तिकिटावर घालावं. जुन्या पासपोर्टावर चालू व्हिसा असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत हवेत. आणि व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणजे दहा वर्षं राहता येतं असं नाही. किती दिवस राहायचं ते उतरल्यावर अधिकारी ठरवतो आणि ती तारीख आय-९४ या नोंदीत असते. ती ऑनलाइन बघून ठेवा. ब्रिटनच्या बाबतीत एक मजेदार गोंधळ होतो. तिथे ‘मॅरेज व्हिजिटर’ नावाचा व्हिसा आहे, पण तो स्वतः लग्न करणाऱ्यासाठी. पाहुण्याला साधा व्हिजिटर व्हिसाच लागतो.

विमान बदलायचं असेल तर एक गोष्ट फार लोकांना माहीत नसते. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल, सहसा तिथेच इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलाव्या लागतात आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात, मग तिकीट थेट शेवटच्या शहरापर्यंतचं का असेना. दीड तासाचा थांबा कागदावर छान दिसतो. आमच्यातली एक शिकागोत रांगेत उभी असताना तिचं पुढचं विमान उडालं, ती हळदीला पोचलीच नाही.

बॅग न आल्यास काय? पट्टा थांबला की विमानतळाबाहेर पडू नका. आधी बॅगेच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. तोवर लागणाऱ्या कपड्यांची बिलं जपा, भरपाई मागता येते. पण पैठणी परत कोण देणार? म्हणून लग्नाची साडी, दागिने आणि औषधं हातातल्या बॅगेत. परकर-पोलकं विसरलात तर ओक ट्री रोड आहेच. नऊवारी नेसवणारी मात्र ऐनवेळी मिळणं कठीण. एक तर स्वतः नेसायला शिकून जा, नाहीतर शिवलेली न्या. मी शिवलेली नेली होती, सासूबाई अजून टोमणे मारतात.

केस सरळ करायचं यंत्र नेऊ नका. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची असते, आपल्याकडे २३० ची. आपलं यंत्र तिथे कोमट होऊन बसतं. पिन बदलणारा अडॅप्टर लावून व्होल्टेज बदलत नाही. मोबाइलच्या चार्जरवर ‘१००-२४०’ लिहिलेलं असतं, त्याला हरकत नाही. इस्त्री बहुतेक हॉटेलांच्या खोलीत असते.

हॉटेलवरून आठवलं. नवरा-नवरीने पाहुण्यांसाठी काही खोल्या सवलतीच्या दरात राखून ठेवलेल्या असतात आणि त्यांना शेवटची तारीख असते. ‘घरचंच कार्य, बघू’ म्हणत ती तारीख घालवली की त्याच खोलीला जास्त पैसे मोजावे लागतात, किंवा खोलीच उरत नाही. तिथे पोचल्यावर कार्डावर अनामत म्हणून रक्कम अडकवतात. फॉरेक्स कार्डावर ती सुटायला बरेच दिवस लागतात, म्हणून यासाठी क्रेडिट कार्ड द्या.

आमंत्रणाला उत्तर देणं ही आपली खरी दुखरी जागा. आपल्याकडे शंभर जण जास्त आले तर आचारी भातात पाणी वाढवतो. तिथे हॉलवाला माणशी पैसे घेतो, आकडा आधी कळवावा लागतो, टेबलांवर नावांच्या चिठ्ठ्या असतात. आमंत्रण दोघांचं असेल तर दोघांनीच जायचं. बोस्टनचा चुलतभाऊ ‘सहज’ सोबत आणलेला मी पाहिलाय. त्याला खुर्ची मिळाली, पण नवरीचा भाऊ ताट हातात धरून भिंतीशी उभा होता. येणार नसाल तर तेही कळवा, आपल्याकडे ते कळवायला संकोच वाटतो.

वेळेच्या बाबतीत तर माझं नाक चांगलंच कापलं गेलं. आपण ‘मुहूर्त अकराचा म्हणजे बाराला पोचू’ या हिशेबातले. तेलुगू लग्नात मुहूर्ताचा क्षण मंगळसूत्राचा नसतो. वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरं आणि गुळाचा गोळा धरतात, जीलकर्र बेल्लम म्हणतात त्याला, तोच क्षण. आपल्याकडे अंतरपाट दूर होतो, तसंच काहीसं. मी मंगळसूत्र बघायला मिळेल अशा बेताने पोचले, तेव्हा मुख्य गोष्ट होऊन गेली होती. आणि हॉल तासांवर घेतलेला असतो, त्यामुळे नंतर काहीही लांबत नाही. पुरोहिताला बऱ्याच ठिकाणी विस्तवासाठी आधी परवानगी काढावी लागते, म्हणून होम छोट्या कुंडात आणि आटोपशीर होतो. ‘एवढासाच होम?’ असं नवरीच्या आईपुढे म्हणू नका. बिचारीने त्या परवानगीसाठी किती फोन केले होते ते तिलाच ठाऊक.

अक्षता टाकताना जरा इकडेतिकडे बघा. तेलुगू लग्नात वधूवर एकमेकांवर ओंजळीने अक्षता ओततात, त्या वेळी आपण मागून भिरकावायच्या नसतात. शिवाय जमिनीवर तांदूळ पडलेले बऱ्याच हॉलना चालत नाहीत, सफाईचे जादा पैसे लावतात. आम्हाला फुलांच्या पाकळ्या दिल्या होत्या. आणि वरात! आपली वरात लग्न लागल्यावर नवरीला घेऊन निघते, तिथे मात्र उत्तरेकडची पद्धत सगळ्यांनीच उचललेली आहे, वरपक्ष आधीच ढोल वाजवत हॉलच्या पार्किंगमध्ये नाचतो. ऑक्टोबरअखेर उघड्यावर तासभर, रेशमी साडीत. शाल विसरू नका.

घरच्यांचा एक प्रश्न हमखास येतो: “कालनिर्णयात तर त्या दिवशी मुहूर्तच नाही!” कालनिर्णय आपल्या इथल्या सूर्योदयावर बेतलेलं असतं. न्यू जर्सी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे आहे, तीच तिथी तिथे वेगळ्या तारखेला येऊ शकते. तिथले पुरोहित तिथलं पंचांग बघतात. हा तासाचा फरक नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतो. लग्न त्या आठवड्यात असेल आणि आजी साताऱ्याहून ऑनलाइन बघणार असेल, तर तिला वेळ पुन्हा कळवा. तुम्ही स्वतः निदान दोन दिवस आधी पोचा. आम्ही सकाळी उतरलो आणि संध्याकाळच्या संगीताला पाचांपैकी तिघं खुर्चीवर झोपले. त्याचा व्हिडिओ आहे.

आहेराचं पाकीट डॉलरचं करा, ५१ किंवा १०१, वरचा एक तिथेही चालतो. मोठी वस्तू उचलून नेऊ नका, बहुतेक पत्रिकांत तशी विनंतीच असते. भारतातून एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच नोटा नेता येतात, बाकी कार्डावर. रुपये २५,००० पर्यंत. विमा काढाच, तिथे साधा पाय मुरगळला तरी दवाखान्याचं बिल बघून चक्कर येते.

शेवटची चूक परतताना कळते, पण करायची असते जाताना. ठसठशीत दागिने नेत असाल तर निघताना आपल्याच विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतल्यावर ‘हे बाहेरून घेतलं का’ हा प्रश्न येत नाही. त्यासाठी दागिन्यांची बिलं किंवा मूल्यांकनाचा कागद लागतो आणि तासभर आधी पोचावं लागतं. माझ्याकडे आईच्या पाटल्या होत्या, बिल १९८६ चं, सराफाच्या हातचं, अर्धं पुसलेलं. प्रमाणपत्र मी घेतलं नव्हतं. मुंबईत पहाटे तीन वाजता मी मोबाइलमध्ये माझ्याच लग्नातले पाटल्या घातलेले फोटो शोधत उभी होते, आणि अधिकारी म्हणत होते, “सावकाश बघा, ताई.”