मागावर काम करताय ना, मग कानाचं हे एवढं कराच

आमच्या वडिलांनी इचलकरंजीत धोट्याच्या यंत्रमागावर 26 वर्षं काढली, आता नातू बोलला की त्यांना आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, मग नुसतं हसतात. ते बघवत नाही म्हणून लिहितोय.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय? म्हणजे आवाज साधारण 85 डेसिबलच्या (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप) वर गेलाय. 85 ला कानाला दिवसाचे आठ तास चालतील असं धरलं तर पुढं दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो, 94 ला फक्त एक तास, आणि आपली पाळी बारा तासांची!

पाळी सुटल्यावर कानात कुईंईं वाजतं, दडे बसल्यासारखं होतं, सकाळी बरं वाटतं मग आपण म्हणतो सवय झाली. सवय बिवय काही नसते हो, आतल्या बारीक पेशी मरत असतात आणि त्या परत येत नाहीत, गोळ्या घेऊनही नाही.

कापसाचा बोळा घालू नका, त्यानं आवाज फारसा अडत नाही. सेफ्टीच्या दुकानात फोमचे इअर प्लग मागा, महाग नसतात. हात धुवून घ्या (तेल आणि सुताची धूळ कानात जाते), प्लग बोटांत वळून अगदी बारीक करा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागं ओढा, प्लग आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत 30 सेकंद बोटानं धरून ठेवा. बहुतेक जण इथंच घाई करतात, नुसता टोकाला अडकवतात आणि म्हणतात उपयोग नाही. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा येतो. आणि बोलायला म्हणून सारखा काढू नका, बोलायचंच असेल तर शेडबाहेर या.

वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा, सुट्टीनंतर, कामावर जायच्या आधी. डॉक्टरला मागावर काम करतो हे आवर्जून सांगा. आवाजानं गेलेला कान आधी 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच, बारीक आवाजाला, खाली जातो, तेव्हा बोलणं ठीक ऐकू येत असतं त्यामुळं आपल्याला पत्ताच लागत नाही.

ईएसआय (कामगार विमा) कार्ड असेल तर हे नक्की लक्षात ठेवा, आवाजानं येणारा बहिरेपणा त्यांच्या व्यवसायजन्य (कामामुळं होणाऱ्या) आजारांच्या यादीत आहे. म्हणून पुढं पुरावा दाखवायला पहिल्या तपासणीपासूनचे सगळे रिपोर्ट एका फाईलला लावून ठेवा. वडिलांचा एकही रिपोर्ट आमच्याकडं नाही.