आर भाषेत ओळी निवडताना: एक स्वल्पविराम आणि बेळगावची दोन नावे

समजा, खानापूर, बेळगाव, निपाणी आणि अथणी येथील रोजच्या पावसाचा तक्ता आर या आकडेवारी हाताळण्याच्या संगणकीय भाषेत ‘जल’ या नावाने घेतला आहे आणि त्यात ‘सन’, ‘शहर’ व मिलिमीटरमधील पावसासाठी ‘सर’ असे तीन स्तंभ आहेत. काना-मात्रा नसलेली नावे मुद्दाम घेतली आहेत, कारण काही संगणकांवर इतर नावे उलट्या अवतरणचिन्हांत घालावी लागतात. आज्ञेतील अंक आणि फंक्शनांची, म्हणजे आरमधील तयार क्रियांची, नावे मात्र रोमनमध्येच टंकावीत. येथे फंक्शनांचे केवळ उच्चार दिले आहेत.

खानापुरात १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झालेले दिवस असे मिळतात:

जल[जल$शहर == "खानापूर" & जल$सर > 100, ]

चौकटी कंसात स्वल्पविरामाच्या आधी ओळींची अट येते आणि नंतर स्तंभ येतात. नंतरची जागा रिकामी ठेवली की सगळे स्तंभ मिळतात. हा स्वल्पविराम द्यायचा राहून गेला तर आर तीच अट स्तंभांना लावू पाहतो आणि बहुधा असे स्तंभच नाहीत अशी तक्रार करतो. तक्रार झाली तर बरेच म्हणायचे, कारण पुढची चूक मुकाट्याने होते.

१ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले. त्यामुळे जुन्या-नव्या नोंदी एकत्र केलेल्या तक्त्यात दोन्ही नावे आढळतात. मी प्रथम दोन्ही नावांची जोडी दुहेरी बरोबर-चिन्हापुढे ठेवली होती. तेव्हा आरने पहिली ओळ ‘बेळगाव’शी, दुसरी ‘बेळगावी’शी, तिसरी पुन्हा ‘बेळगाव’शी अशी आळीपाळीने ताडून पाहिली, आणि ओळींची संख्या सम असल्यामुळे साधी सूचनाही दिली नाही. कित्येक ओळी गळाल्या, हे बेरीज जुळेना तेव्हा लक्षात आले. अशा वेळी दोन टक्केचिन्हांमध्ये ‘इन’ लिहावे (‘सी’ हे फंक्शन दोन्ही नावे एकत्र बांधते):

जल[जल$शहर %इन% सी("बेळगाव", "बेळगावी"), ]

ऐन जुलैत खानापूरच्या जंगलपट्ट्यात पर्जन्यमापकापर्यंत कोणी पोहोचले नाही, तर त्या दिवसाची नोंद कोरी राहते. आर तिला ‘एनए’, म्हणजे ‘माहिती उपलब्ध नाही’, असे मानतो. पावसाची अट लावल्यावर अशा नोंदीची ओळ गळत नाही, तर तिच्या जागी सर्वच स्तंभांत ‘एनए’ असलेली ओळ उमटते. अट जुळणाऱ्या ओळींचे क्रमांक देणाऱ्या ‘व्हिच’ फंक्शनात ती अट गुंडाळली, किंवा ओळी निवडणारे ‘सबसेट’ फंक्शन वापरले, तर हा प्रकार टळतो:

जल[व्हिच(जल$सर > 100), ]

मात्र ओळी वगळण्यासाठी ‘व्हिच’च्या आधी उणे चिन्ह लावणे मी टाळतो, कारण अटीत एकही ओळ बसली नाही तर काहीच न वगळता पूर्ण तक्ता मिळण्याऐवजी हाती एकही ओळ लागत नाही. त्यापेक्षा अटच उद्गारचिन्हाने उलटी करावी.

निवडलेल्या ओळींच्या डावीकडचे क्रमांक मूळ तक्त्यातलेच राहतात. ते पुन्हा १ पासून लावण्याची घाई करू नये. शंकास्पद आकडा मूळ नोंदवहीत कोठे पाहायचा, हे त्यांवरूनच कळते.