पोरांसाठी संस्था चालवायची, तर आधी मंडळ नीट बांधा

रत्नागिरीसारख्या शहरात मुलांसाठी काम सुरू करायला फार काही लागत नाही. कुणाची तरी रिकामी खोली मिळते, कॉलेजातली दोन मुलं शिकवायला तयार होतात, कॅरम बोर्ड येतो, एखादा जुना संगणक येतो. खरी कसोटी सात-आठ वर्षांनी लागते. सुरुवातीची माणसं थकलेली असतात, कागदावर ज्यांची नावं आहेत ती खोलीकडे फिरकत नाहीत, आणि खोलीत जे रोज राबतात त्यांना साधा पंखा दुरुस्त करायचा अधिकार नसतो. अशा संस्था मी कुलूप लागताना पाहिल्या आहेत. तेव्हा मुलांना काय शिकवावं हा विषय बाजूला ठेवून संस्था ज्यांच्या हातात द्यायची ती माणसं, म्हणजे संस्थेचं मंडळ, कशी निवडावी, कशी तयार करावी आणि कशी बदलावी, एवढंच इथे लिहिते.

मी आयुष्यभर बँकेच्या काउंटरमागे काम केलं आणि निवृत्तीनंतर मिरकरवाडा-राजिवडा या रत्नागिरीतल्या मच्छीमार वस्त्यांतल्या मुलांसाठी चालणाऱ्या एका छोट्या संस्थेची सचिव झाले. त्यामुळे माझं लक्ष आधी सही, ठराव, व्हाउचर याकडे जातं. माझं ठाम मत असं आहे की चेकवर सही करणाऱ्यांत एक तरी माणूस त्याच वस्तीत वाढलेला, शक्यतो आपल्याच केंद्रात येऊन गेलेला हवा. पुढे जे सांगणार आहे ते सगळं तिथवर पोहोचण्यासाठी.

सात नावं

सोसायटी नोंदणी अधिनियम 1860 खाली संस्था नोंदवायला किमान सात माणसं लागतात. आपल्याकडे त्याच संस्थेची 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही धर्मादाय कार्यालयात नोंद होते. सात नावं जमवताना लोक घाई करतात. एक डॉक्टर, एक वकील, एक निवृत्त मुख्याध्यापक, मुंबईतला एक दानशूर, आणि उरलेली तीन नावं घरातली. अध्यक्ष मुंबईत, खजिनदार चिपळुणात आणि मुलं मिरकरवाड्यात, अशी स्थिती होते. मग एका सहीसाठी चेक एसटीनं पाठवावा लागतो.

नाव लिहिण्याआधी प्रत्येकाला दोन प्रश्न समोरासमोर विचारा. महिन्यातून एकदा केंद्रावर येऊन तासभर बसाल का? आणि एक ठरावीक काम तुमच्या नावावर लिहू का? पहिल्याला ‘जमेल तसं’ आणि दुसऱ्याला ‘मी आहेच की पाठीशी’ असं उत्तर आलं, तर त्या माणसाचा मान राखून त्याला सल्लागार करा. सल्लागारांची यादी कितीही लांब असू द्या. चाकरमानी मंडळींचं संस्थेवर मनापासून प्रेम असतं, गणपतीत आणि शिमग्यात ती आवर्जून येतात, देणगीही देतात. त्यांना हिशेब वेळेवर पाठवा, मुलांशी भेट घडवा. पण रोजचे निर्णय रोज इथे असणाऱ्यांनीच घ्यायचे.

सातांत एकाला हिशेब कळायला हवा. एकाला पोलीस ठाणं, नगरपरिषद, तहसील या ठिकाणी न घाबरता बोलता यायला हवं. निदान तीन बायका हव्यात, त्याही नावापुरत्या नकोत. आणि दोन माणसं वस्तीतली. जाळी विणणारी आजी, मासळीची उलाढाल सांभाळणारी बाई, बोटीचा तांडेल, मशिदीच्या शेजारी दुकान चालवणारे चाचा, कुणीही चालेल. त्यांना इंग्रजी पत्र वाचता येत नसेल, पण कुठल्या मुलानं शाळा सोडली आणि का सोडली हे त्यांना आपल्या आधी कळतं.

वस्तीतली माणसं घेतली की बैठकीची वेळही बदलावी लागते. रविवारी सकाळी अकरा वाजता मारुती मंदिराजवळ कुणाच्या तरी दिवाणखान्यात चहा-पोह्यांवर बैठक ठेवलीत, तर बंदरावरचं माणूस एकदा येईल, दुसऱ्यांदा येणार नाही. बैठक केंद्रातच घ्या, मुलं ज्या चटईवर बसतात त्याच चटईवर. शुक्रवारची दुपार टाळा, ती नमाजची वेळ. बोटी लागायची आणि लिलावाची वेळही बंदरावर विचारून घ्या. विषयपत्रिका मराठीत आणि एका पानात मावेल एवढीच हवी.

आपल्याच मुलांतून

1896 साली धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. कर्वे आपल्या मुरुडचे, दापोली तालुक्यातले. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झाल्या आणि त्या आश्रमात शिकायला आल्या. शिकून तिथेच शिक्षिका झाल्या, पुढे आश्रमाची व्यवस्था त्यांच्याकडे आली, आणि संस्थेसाठी निधी जमवायला त्या थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. ज्यांच्यासाठी संस्था काढली त्यांच्यातूनच तिला चालवणारं माणूस मिळालं. ही गोष्ट आपल्या जिल्ह्यातली आहे, आणि शंभर वर्षं जुनी आहे. तरीही ‘आमच्या मुलांना एवढं जमणार नाही’ हे वाक्य मला आजही बैठकीत ऐकावं लागतं, आणि दर वेळी वाईट वाटतं.

जमतं, पण शिकवावं लागतं. त्यासाठी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींची एक समिती करा आणि तिला खऱ्या पैशांची, खऱ्या निर्णयाची जबाबदारी द्या. स्नेहसंमेलनाच्या रांगोळीपुरती समिती नको. तांडेल नव्या पोराच्या हातात सुकाणू देतो ते मोकळ्या समुद्रात, बंदराच्या तोंडाशी नाही. तसं चुकलं तर निभावेल एवढी रक्कम आधी द्यावी. आम्ही महिन्याचा खाऊ आणि खेळाचं सामान यांचे पैसे समितीकडे दिले.

समितीत अकरावीतली एक मुलगी आहे, वडील ट्रॉलरवर खलाशी. पहिल्या महिन्याचा हिशेब लावताना तिच्या हाती वडापावची चिठ्ठी आली, नुसता आकडा लिहिलेली. तारीख नाही, सही नाही. तिनं वही मिटली, चिठ्ठी घेऊन पुन्हा दुकानात गेली, तारीख आणि सही घालून आणली, आणि मगच ती व्हाउचरला टाचली. त्यानंतर बैठकीत तिनं विचारलं, “दोन फुटबॉल घेतलेत. मुली मैदानावर उतरतच नाहीत, मग त्यांच्या वाटणीचं काय?” मुलगे गप्प झाले. बऱ्याच बोलण्यानंतर ठरलं की संध्याकाळचा पहिला तास मैदान मुलींचं. हा प्रश्न आमच्या मोठ्यांच्या मंडळात कुणी विचारला नव्हता.

अशी मुलं अठरा पूर्ण करतील तेव्हा त्यांना रीतसर सर्वसाधारण सभासद करून घ्या. सभासद वर्गणी परवडेल एवढीच ठेवा, आणि ती संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, लिहिलेली असेल तर आधी घटना दुरुस्त करा. मग एक पूर्ण आर्थिक वर्ष, 1 एप्रिल ते 31 मार्च, सहखजिनदार किंवा सहसचिव म्हणून कामाला लावा. पासबुक भरून आणणं, व्हाउचर लावणं, ऑडिटरसमोर बसणं, इतिवृत्त लिहिणं, देणगीदाराला पावती पाठवणं हे सगळं त्यांच्या हातानं होऊ द्या. ऑडिटर एखादा खर्च का विचारतो हे एकदा समोर बसून ऐकलं की वर्षभर सांगावं लागत नाही.

इथे एक अडचण हमखास येते. तयार झालेली मुलं पुण्या-मुंबईला नोकरीला जातात. त्याला इलाज नाही आणि त्यांना अडवूही नये. म्हणून एकाला तयार करू नका, तिघांना करा. लांजा, राजापूर, संगमेश्वरहून शिकायला येऊन खोल्या करून राहणाऱ्या मुली आणि इथेच नोकरी-धंदा करणारी मुलं, अशी मिसळ ठेवा.

सही

बँकेत खातं संस्थेच्या नावावर असतं आणि व्यवहार ठरावाप्रमाणे चालतो. ठराव करताना ‘अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांपैकी कोणतेही दोन’ असं लिहा. ‘तिघांच्या सह्या’ लिहिलंत तर एकाच्या आजारपणात केंद्रप्रमुखाचा पगार अडतो. एकाच्याच सहीवर खातं तर कधीही ठेवू नका, माणूस कितीही विश्वासातला असला तरी. सही केलेले कोरे चेक कपाटात ठेवण्याची सवय मी नोकरीत फार ठिकाणी पाहिली. ती आजच मोडा. दोन्ही सह्या एकाच घरातल्या नकोत, नवरा-बायकोच्या तर मुळीच नकोत. आणि त्या तिघांपैकी एक सही आपल्या केंद्रातून आलेल्या तरुणाची किंवा तरुणीची. सही करायला मिळाली की माणूस बिल वाचतो, प्रश्न विचारतो, बैठक चुकवत नाही.

केंद्रप्रमुख

रोज कुलूप उघडणारी ही व्यक्ती. तिला मानधन नव्हे, पगार द्या, ठरलेल्या तारखेला आणि बँकेतून. मंडळाच्या प्रत्येक बैठकीत पहिला विषय तिचा असावा, पैशांच्या आधी. कोण मुलं यायची थांबली, कुणाच्या घरी काय चाललंय, कुठे मदत लागेल. मंडळातल्या कुणीही तिला परस्पर फोन करून कामं सांगू नयेत, सूचना एकट्या सचिवाकडून जाव्यात. हा नियम पाळला नाही तर चांगली माणसं टिकत नाहीत.

मुलांची सुरक्षा

या बाबतीत मंडळाला चालढकल करण्याची मुभाच नाही. 18 वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तसा संशय जरी आला, तरी 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे, आणि संस्थेच्या प्रमुखानं आपल्याच हाताखालच्या माणसाबद्दल कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी बैठक बोलावू, चौकशी करू, संस्थेचं नाव जपू’ हा पर्याय कायद्यानं ठेवलेलाच नाही. नव्या सभासदाला मंडळावर घेताना हे तोंडी समजावून सांगा आणि वाचल्याची सही घ्या.

मुलांनी कुणाकडे जायचं त्या दोन व्यक्ती ठरवा. त्यांतली एक बाई असावी आणि दोघांपैकी एक मंडळाबाहेरची, म्हणजे मंडळातल्याच कुणाबद्दल तक्रार असली तरी मूल बोलू शकेल. त्यांची नावं आणि मुलांच्या मदतीचा 1098 हा फोन क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर भिंतीला लावा. कर्मचारी, स्वयंसेवक सगळ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या, ओळखीच्यांचीसुद्धा. दार बंद करून एकट्या मुलाबरोबर कुणीही बसायचं नाही. आणि इतिवृत्तात मुलाचं नाव, वस्ती, शाळा काहीही लिहू नका. इतिवृत्त पुष्कळांच्या हातून जातं.

खुर्ची बदलताना

एका पदावर सलग दोन मुदतींपेक्षा जास्त कुणी राहू नये, असं घटनेतच घालून घ्या. संस्थापकालाही हा नियम लागू. ज्यानं स्वतःच्या खिशातून पैसे घालून केंद्र उभं केलं त्याला हे सांगणं जड जातं, मला माहीत आहे. पण तो हयात आणि धडधाकट असताना नवं माणूस बसलं तर शंका विचारायला कुणीतरी असतं. नंतर बसलं तर कपाटाच्या किल्ल्याही शोधाव्या लागतात.

वार्षिक सभा जुलैत घ्या असं मी सुचवेन. एप्रिल-मेमध्ये अर्धी मुलं आंब्याच्या पेट्या भरायला जातात, घरात कुणाला उसंत नसते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, बोटी ओढलेल्या असतात, मुलांचे वडील घरी असतात आणि पावसामुळे माणसं छपराखाली बसायला तयार असतात. नारळी पौर्णिमेनंतर हीच माणसं हाती लागत नाहीत. मार्चअखेरचा हिशेबही तोवर ऑडिटरकडून बहुतेक होऊन आलेला असतो. सभेची नोटीस घटनेत लिहिलेल्या मुदतीआधी द्या आणि मिळाल्याची सही घ्या. नुसत्या व्हॉट्सॲपवर विसंबू नका.

सभेत नवं मंडळ निवडलं की 90 दिवसांच्या आत सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात 1950 च्या त्याच विश्वस्त कायद्याच्या कलम 22 खाली फेरफार अर्ज, म्हणजे मंडळ बदलल्याची सूचना, दाखल करायचा. बोलताना सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. पुष्कळ संस्थांचं घोडं इथेच अडतं. जुनी नावं नोंदीवर तशीच राहतात, मग बँक नवी सही घेत नाही, अनुदानाचा अर्ज परत येतो, आणि गेलेल्या माणसाचे वारस शोधून मृत्यूचा दाखला आणत बसावं लागतं. म्हणून सभेच्या दिवशीच कागद गोळा करा. नोटीस आणि पोच, हजेरीपट, ठरावासह इतिवृत्ताची प्रत, नव्या सभासदांची संमतीपत्रं आणि ओळखपत्रं, जाणाऱ्यांचे राजीनामे. नव्यांपैकी कुणाचं आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नसेल तर तेही तेव्हाच पाहून घ्या. लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत हे नेहमी होतं. शपथपत्र करायला वकिलाकडे त्याच आठवड्यात जा, कारण गणपती आले की पंधरा दिवस कोकणात कुणी भेटत नाही. अर्ज गणपतीआधी दाखल करा, त्याची पोच फाईलला लावा, आणि ठरावाची प्रत घेऊन नव्या सहीदाराला बँकेत तुम्ही स्वतः घेऊन जा.