जुनी मोटारसायकल घेताय? आधी नाव, मग किल्ली

माझं टू-व्हीलरचं गॅरेज कराड-विटा रस्त्याला आहे. उसाचं पहिलं बिल खात्यावर पडलं की आमच्याकडे जुन्या मोटारसायकलींचे सौदे सुरू होतात. लोक येतात आणि म्हणतात, "मिस्त्री, इंजिन ऐका जरा." इंजिन ऐकतोच, पण आधी आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र, मागतो. सातबारा बघितल्याशिवाय कोणी गुंठाभर जमीन घेत नाही, गाडी मात्र नुसत्या स्टँपपेपरवर सही करून घरी नेतात. नाव दोन-दोन वर्षं जुन्या मालकाचंच राहतं.

पहिलं काम चेसिस नंबरचं. बहुतेक मोटारसायकलींवर तो हँडलखाली, फ्रेमच्या मानेवर कोरलेला असतो. रॉकेलचं फडकं मारून चिखल काढा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. उमटलेला नंबर आरसीवरच्या नंबराशी एकेक अक्षर लावून बघा. कुठे ग्राइंडर फिरवल्याची चमक दिसली किंवा अक्षरांची उंची कमीजास्त वाटली, तर सौदा तिथेच सोडा. चेसिसचा असाच ठसा नावबदलीच्या फॉर्मवरही लागतो, म्हणून दोन-तीन काढून ठेवा.

मग आरसीवर बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा आहे का ते बघा. असेल तर मालकाने फायनान्सची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 आणल्याशिवाय पैसे देऊ नका. ई-चलन गाडीच्या नंबरावर ऑनलाइन दिसतं. थकलेला दंड विकणाऱ्याकडूनच भरून घ्या, नंतर फोन उचलत नाहीत. गाडी कर्नाटकातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, हातात पाहिजे. आपल्याकडे ठेवायची तर बारा महिन्यांच्या आत एमएच नंबर घ्यावा लागतो. निपाणीकडून स्वस्तात आणलेली गाडी या खर्चात महाग पडते.

नावबदलीला फॉर्म 29 आणि 30 लागतात. 29 वर विकणाऱ्याची सही असते आणि तो दोन प्रतींत भरायचा. 30 वर दोघांच्या सह्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. कोरे फॉर्म सही करून एजंटकडे सोडायचे आणि विसरायचं, ही आपल्याकडची रीत दोघांच्याही अंगाशी येते. गाडी देताना तारीख आणि वेळ घालून ताबा दिल्याची चिठ्ठी करा, दोघांनी फोटो काढून ठेवा.

विकणाऱ्याला वाटतं, पैसे मिळाले, सुटलो. तो सुटलेला नसतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं, की अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. त्या गाडीचे मधे अनेक हातबदल झाले होते, तरी जबाबदारी नोंदीतल्या मालकावरच आली.

घेणाऱ्याचं नुकसान वेगळं. थर्ड पार्टी विमा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, गाडीबरोबर चालत राहतो, पण विमा कंपनीकडे 14 दिवसांत नाव बदलून घेतलं नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. आणि मालक-चालकाचा 15 लाखांचा अपघात विमा असतो तो नोंदणीकृत मालकाचा, तेही त्याच्याकडे लायसन असेल तर. गाडी दुसऱ्याच्या नावावर असताना तुम्ही पडलात, तर घरच्यांनी कोणत्या पॉलिसीकडे बघायचं? नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र जुन्या मालकाचा, तो तुम्हाला मिळत नाही. तो पकडून कोणी किंमत वाढवत असेल तर ऐकू नका.

पीयूसी, 15 वर्षांनंतरचं आरसी नूतनीकरण, 1 एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, हे सगळं किंमत ठरवतानाच बघून घ्या.

पोरांचं एकच सांगतो. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीचं, आणि आज शोरूममध्ये दिसणाऱ्या पेट्रोल स्कूटर त्याहून मोठ्या असतात. अठराच्या आतला मुलगा गाडीसह सापडला तर पालकाला किंवा मालकाला 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द.

आता रस्ता. आमच्या भागात नोव्हेंबर ते मार्च रात्री गाडी चालवणं म्हणजे उसाच्या ट्रॉल्यांशी गाठ. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, मोळ्या बाहेर आलेल्या, मागचा दिवा असलाच तर वाढ्याखाली, म्हणजे उसाच्या शेंड्यांखाली, झाकलेला. ताशी 60 ने तुम्ही दोन सेकंदांत 33 मीटर जाता. समोरच्या कारने डोळे दिपवले की तेवढ्या वेळात काहीच दिसत नाही, आणि ट्रॉली नेमकी तिथेच पंक्चर होऊन उभी असते. म्हणून डोळे दिपले की अॅक्सिलरेटर सोडायचा, नजर डाव्या साइडपट्टीच्या रेषेवर ठेवायची. रात्री 40 च्या वर जाऊ नका. घाई असेल तर आधी निघा.

ओव्हरटेक करताना हॉर्नवर भरवसा नको, ट्रॅक्टरवर गाणी लागलेली असतात. डिपर मारा, ड्रायव्हर वळून बघेपर्यंत मागे थांबा. दुसरी ट्रॉली खड्ड्यात झुलते, तिच्यापासून हातभर अंतर पुरत नाही. चढावर मागे चिकटू नका, लोड मागे ओढला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात. आणि बंद ट्रॉलीच्या चाकाला लावलेले दगड ट्रॉली गेली तरी रस्त्यातच पडून असतात. दिसले तर उतरून बाजूला टाका, पाच मिनिटं जातील.

ट्रॉलीवाल्यांनाही सांगणं आहे: मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी लावा, आणि मोळ्या भरल्यावर ती दिसते का ते मागे जाऊन बघा.

आपल्या गाडीचा मागचा दिवाही तपासा. गॅरेजला येणाऱ्या गाड्यांत काळी फिल्म मारलेला टेललॅम्प आणि अडकलेला ब्रेकस्विच हमखास असतो. पायाचा ब्रेक दाबून भिंतीवर लाल उजेड पडतो का बघा, मग हाताचा दाबून परत बघा. पुढे पांढऱ्याफेक एलईडीचा हट्ट धरू नका, समोरचा आंधळा झाला तर तो तुमच्याच अंगावर येतो. हेल्मेट आयएसआयचंच, मागे बसणाऱ्यालाही, आणि पट्टा लावूनच.

कोणी पडलेलं दिसलं तर थांबा आणि 108 ला फोन करा. मदत करणाऱ्यावर कायद्याने केस होत नाही. पोलिसांना किंवा दवाखान्यात स्वतःचं नाव सांगायचं की नाही, हे तुमच्या मर्जीवर आहे.